पुस्तकं जाळण्याची पार्टी: ट्रॉय ग्रंथालयाच्या निधीचं प्रकरण

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं शहर आहे. २०११ च्या उन्हाळ्यात, ग्रंथालयासाठी कर द्यायचा का यावरच्या मतदानाआधी, तिथल्या रस्त्याकडेच्या हिरवळीवर ठिकठिकाणी पाट्या दिसू लागल्या: ‘२ ऑगस्टला ट्रॉय ग्रंथालय बंद करण्यासाठी मत द्या. ५ ऑगस्टला पुस्तकं जाळण्याची पार्टी.’ खाली फेसबुकवरच्या एका पानाचा पत्ता. पाट्या लावणारे स्वतःला ‘सेफगार्डिंग अमेरिकन फॅमिलीज’ म्हणवत होते. गावात संतापाची लाट उसळली. लोकांनी पाट्या उपटून टाकल्या, फेसबुकवर जाऊन त्या गटाला फैलावर घेतलं. मग मतदानाच्या आधी त्याच पानावर खुलासा झाला: पुस्तकं कोणी जाळणार नाही, पण ग्रंथालयाविरुद्ध दिलेलं मत हे पुस्तकं जाळायला दिलेल्या मतासारखंच आहे. २ ऑगस्टला ग्रंथालयासाठीचा कर सुमारे ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी मंजूर झाला.

हा सगळा बनाव एका जाहिरात कंपनीने ग्रंथालय वाचवण्यासाठीच रचला होता, आणि जाहिरात क्षेत्रात ही गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. साडेतीन हजार डॉलरांचं बजेट, फेसबुक, ट्विटर, थोड्या पाट्या, आणि एक ग्रंथालय वाचलं. आपल्याकडे वाचनालयाच्या कार्यकारिणीत ‘सोशल मीडियावरून निधी उभा करू या’ असा विषय निघाला की कोणीतरी या मोहिमेची चित्रफीत पाठवतंच. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघायला हवं. माझं म्हणणं असं की फेसबुकने ट्रॉयमध्ये एकच काम केलं, आणि ते फार मोलाचं होतं: गावातल्या चर्चेचा विषय बदलला. पैसे मात्र आधीपासून उभ्या असलेल्या गोष्टींमुळे आले, आणि त्या गोष्टी चित्रफितीत दिसत नाहीत.

सत्त्याण्णव पत्रं

२०१० च्या जनगणनेत ट्रॉयची लोकसंख्या सुमारे ८१ हजार होती. मोटार उद्योगात काम करणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचं गाव. भारतीय वस्तीही मोठी आहे, आणि डेट्रॉईटच्या महाराष्ट्र मंडळामुळे त्या परिसराशी आपल्याकडच्या बऱ्याच घरांचा संबंध आहे.

१९७१ मध्ये ग्रंथालयाची नवी इमारत उघडत होती, तेव्हा मार्गरिट हार्ट या बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी देशोदेशीच्या नामवंतांना पत्रं लिहिली. मागणं साधंच होतं: आमच्या गावातल्या मुलांना ग्रंथालयाबद्दल चार ओळी लिहून पाठवा. ९७ उत्तरं आली. चंद्रावर पाऊल ठेवलेल्या नील आर्मस्ट्राँग यांचं आलं, बालसाहित्यिक डॉ. स्यूस आणि ई. बी. व्हाइट यांची आली, कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांचंही आलं. विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह यांनी मुलांना कळवलं की तुम्हाला मिळालेलं हे नुसतं ग्रंथालय नाही, विश्वाच्या टोकापर्यंत नेणारं अंतराळयान आहे, भूतकाळात आणि भविष्यात नेणारं यंत्र आहे. ग्रंथालयाने ही पत्रं जपली, पुढे संकेतस्थळावर ठेवली.

या पत्रांवर मी थोडा रेंगाळतो, कारण आज आपण ज्याला जनसंपर्क मोहीम म्हणतो तिचे सगळे गुण त्यात आहेत. नेमक्या माणसाला नेमकी विनंती केली होती. पाच मिनिटांत होईल एवढंच काम मागितलं होतं. आणि उत्तर कोणासाठी हवंय ते स्पष्ट होतं: गावातल्या मुलांसाठी. त्या वेळी साधन टपालाचं होतं, एवढाच काय तो फरक. चाळीस वर्षांनी ज्या मतदारांनी कौल दिला त्यांच्यातले काही याच बालविभागात वाढले असणार.

पैसा कुठे आटला

अमेरिकेत गावच्या ग्रंथालयाचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून भागतो. २००८ च्या मंदीत घरांच्या किमती कोसळल्या. डेट्रॉईट परिसराला दुहेरी मार बसला, कारण २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. घराची किंमत उतरली की घरपट्टी उतरते, आणि नगरपालिकेची तिजोरी आटते. ट्रॉयच्या ग्रंथालयाला स्वतःचा वेगळा कर नव्हता. ते नगरपालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीवर चालायचं. पोलीस, अग्निशमन आणि रस्ते यांच्या रांगेत ग्रंथालय शेवटी उभं राहिलं. कर वाढवायचा तर मतदारांना विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

२०१० च्या फेब्रुवारीत एकूण करवाढीचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबरात ग्रंथालयासाठी वेगळा कर मागितला गेला. तेव्हा मतपत्रिकेवर ग्रंथालयाच्या नावाने एक सोडून चार प्रस्ताव आले. ग्रंथालयाच्या पाठीराख्यांचा प्रस्ताव त्यातला एकच होता, जवळपास १ मिल दराचा. मतदाराने कुठे ‘हो’ म्हणायचं हेच कळेना, आणि चारही पडले.

मिल म्हणजे घराच्या करपात्र मूल्याच्या दर १,००० डॉलरांमागे १ डॉलर. २०११ च्या ऑगस्टमध्ये जो प्रस्ताव आला तो ०.७ मिलचा, पाच वर्षांसाठी, फक्त ग्रंथालयासाठी. ज्याच्या घराचं करपात्र मूल्य १ लाख डॉलर, त्याला वर्षाला ७० डॉलर. मिशिगनमध्ये करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरत नाहीत, म्हणजे दोन लाखांच्या घरालाही साधारण एवढंच. मोहिमेच्या गोष्टीत हा आकडा बऱ्याच ठिकाणी ‘०.७ टक्के’ असा सांगितला जातो. ०.७ टक्के धरले तर त्याच घराला ७०० डॉलर पडतील. दहापटीची ही चूक इतक्यांदा पुढे गेली आहे की पैसे मागणाऱ्याने मुद्दाम तपासून घ्यावी.

आणखी एक अडचण होती. मिशिगनच्या निवडणूक खर्चाच्या कायद्यानुसार सार्वजनिक संस्थेला मतदानाचा कौल वळवण्यासाठी सरकारी पैसा, वेळ किंवा साधनं वापरता येत नाहीत. ग्रंथालय आपल्या संकेतस्थळावर माहिती देऊ शकत होतं: कर किती, कशासाठी, न मिळाल्यास काय बंद होईल. ‘हो म्हणा’ असं ते म्हणू शकत नव्हतं. ते काम स्वयंसेवकांचं होतं. दारोदार फिरून ही माणसं प्रामाणिकपणे तेच करत होती, आणि त्यांना कर या शब्दाची भिंत ओलांडता येत नव्हती. टी पार्टी या करविरोधी चळवळीच्या लाटेचे ते दिवस. करविरोधी गट संघटित होते, त्यांच्याकडे सोपं वाक्य होतं. ग्रंथालयाच्या बाजूकडे लांबलचक खुलासा होता.

मोहीम

लिओ बर्नेट या जाहिरात कंपनीच्या डेट्रॉईट शाखेने हे ओळखलं. चर्चा जोवर कराची आहे तोवर ग्रंथालय हरणार. चर्चा पुस्तकांची झाली तर जिंकेल. पण ‘पुस्तकं वाचवा’ म्हणून ती पुस्तकांची होत नाही, कारण त्यावर कोणाचाच आक्षेप नसतो आणि आक्षेप नसलेल्या वाक्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून त्यांनी विरोधकांच्याही पलीकडचा एक खोटा गट उभा केला.

त्यातलं बारीक काम बघण्यासारखं आहे. पार्टीसाठी विदूषक आणि आइस्क्रीमवाला पाहिजे अशा जाहिराती टाकल्या. टी-शर्ट आणि पिशव्या काढल्या. फेसबुकच्या पानावर उत्साहाच्या सुरात पार्टीचे बेत लिहिले, ट्विटरवर टाकले, लोक आपण कुठे आहोत ते ज्यावर नोंदवायचे त्या फोरस्क्वेअरवरही टाकले. म्हणजे नुसता एक धक्का देऊन थांबले नाहीत. तो बनाव रोज थोडा थोडा भरत नेला, त्यामुळे चिडलेल्या माणसाला परत येऊन बघायला काहीतरी नवं मिळत गेलं. स्थानिक बातमीदारांनी विषय उचलला, मग देशभरच्या माध्यमांनी. फेसबुकवर भांडण पेटलं खरं, पण त्याची सुरुवात झाली हिरवळीवरच्या पाटीने. पाटी आपल्या घरासमोर असते. पडद्यावरचा मजकूर हजार कोसांवरचाही असू शकतो, पाटी म्हणजे हे इथलंच प्रकरण. डिजिटल प्रसाराबद्दल बोलताना ही जमिनीवरची बाजू हटकून विसरली जाते.

नक्की कशाने जिंकलं

नोव्हेंबर २०१० मध्ये हार आणि ऑगस्ट २०११ मध्ये जीत. या नऊ महिन्यांत काय काय बदललं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. चार प्रस्तावांच्या जागी एकच आला. दर जवळपास १ मिलवरून ०.७ वर उतरला. बंद पडण्याची तारीख डोळ्यांसमोर आली, आधी जी धमकी वाटत होती ती आता वेळापत्रकात होती. आणि ही मोहीम झाली. यातला प्रत्येक बदल मतं हलवणारा आहे. त्यातल्या मोहिमेला किती श्रेय द्यायचं हे वेगळं काढून मोजायचा मार्ग नाही, आणि पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रफितींनी सगळंच तिच्या पदरात टाकलं. मला विचाराल तर एकच प्रश्न असलेली मतपत्रिका हा सगळ्यात मोठा बदल होता. मोहिमेने लोकांना मतदानकेंद्रापर्यंत आणलं, पण तिथे पोचल्यावर गोंधळायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून ती लाट मतांत उतरली.

या मोहिमेमागे एक अभ्यासही आहे, तो कमी लोकांना ठाऊक असतो. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये अमेरिकन मतदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तिची भागीदार होती लिओ बर्नेटच. निष्कर्ष ग्रंथालयात काम करणाऱ्याला चटका लावणारा आहे: ग्रंथालयात वारंवार येणारा माणूस ग्रंथालयाला पैसे द्यायला तयार असतोच असं नाही, आणि जो तयार असतो तो नेमाने येतोच असंही नाही. पाठिंबा ठरतो तो ग्रंथालय माणसाचं आयुष्य बदलतं असं मनापासून वाटतं की नाही, यावर. आणि दुसरी गोष्ट ठरते ग्रंथपालावरून. तो आपल्या कामात जीव ओतणारा आहे असं ज्यांना वाटतं ते मत देतात. ट्रॉयच्या मोहिमेने पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या, संगणकांची संख्या यातलं काहीही सांगितलं नाही. आपलं गाव कोणत्या प्रकारचं आहे, एवढंच विचारलं.

पण मनापासून वाटणं आणि हात खिशात जाणं यांत अंतर असतंच. त्याच संस्थेने दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, अभ्यास पुन्हा केला. ग्रंथालयाच्या कराला नक्की ‘हो’ म्हणेन असं सांगणारे २००८ मध्ये ३७ टक्के होते, ते २७ टक्क्यांवर आले होते. मधल्या दशकात ग्रंथालयांची फेसबुक पानं तर सगळीकडे झाली होती.

खोटेपणाचं काय

मला या मोहिमेचं निदान मान्य आहे, औषध मान्य नाही. कराला विरोध करणाऱ्या कुटुंबांपैकी कोणालाही पुस्तकं जाळायची नव्हती. नोकरी गेलेल्या, घराचे हप्ते थकलेल्या माणसाने ‘आत्ता नवा कर नको’ म्हणणं हा त्याचा हक्क आहे. त्याला जाळणाऱ्यांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. जाहिरात कंपनी हे करून मोकळी झाली. ग्रंथालयाने स्वतः केलं असतं तर ते उभं राहू शकलं नसतं, कारण ग्रंथालयाची सगळी पत ‘इथे मिळतं ते खरं असतं’ या एका विश्वासावर आहे. आज तर असा बनाव काही तासांत अफवा म्हणून फिरेल आणि खुलासा त्याच्यामागे कधीच पोचणार नाही.

जीत झाली म्हणून गावही बदललं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्रॉयने करविरोधी गोटातली महापौर निवडून दिली, आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मतदारांनीच मुदतीआधी कौल देऊन तिला पदावरून हटवलं. ग्रंथालयाचा कर पाच वर्षांचा होता. मुदत संपत आली तेव्हा ग्रंथालयाला पुन्हा मतदारांसमोर जावं लागलं, आणि मतदारांनी पुन्हा होकार दिला. तो होकार मिळाला तो मधल्या वर्षांत ग्रंथालय रोज उघडं राहिल्याच्या जोरावर.

आणि हे चित्र महाराष्ट्रात तसंच्या तसं आणता येणारही नाही. पुस्तकं जाळणं म्हटलं की अमेरिकन आणि युरोपीय मनात १९३३ ची नाझींची होळी उभी राहते. आपल्याकडे २५ डिसेंबर १९२७ चं महाड आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात मनुस्मृतीचं दहन झालं, आणि लाखो लोकांसाठी तो माणूसपण मिळवण्याचा दिवस आहे. आपल्याकडे जानेवारी २००४ चं पुण्याचं भांडारकर संस्थेवरचं आक्रमणही आहे, ज्यात दुर्मीळ ग्रंथांची नासधूस झाली. या दोन आठवणी परस्परांच्या अगदी उलट आहेत. त्या एकाच पाटीने चाळवणं धोक्याचं आहे आणि अडाणीपणाचंही.

आपल्या वाचनालयाने काय घ्यावं

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालय उपकर नाही. तमिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नांमुळे, घरपट्टीवर उपकर आहे, कर्नाटकातही आहे. आपल्याकडची अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं अ, ब, क, ड वर्गानुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात. अनुदानाचा हप्ता लांबला की पहिला फटका कर्मचाऱ्याच्या तुटपुंज्या पगाराला बसतो, मग नियतकालिकांना. ट्रॉयसारखं मतदान आपल्याकडे नाही, म्हणजे लोकांना सरळ विचारायची संधी नाही. ती संधी आपल्याला देणगीच्या आवाहनातून तयार करावी लागते.

आणि आपलं आवाहन कसं असतं? व्हॉट्सअ‍ॅपवर वाचनालयाचं बोधचिन्ह, खाली ‘ज्ञानयज्ञात सहभागी व्हा, सढळ हाताने मदत करा’, कोपऱ्यात क्यूआर कोड. यावर हात जोडलेले चिन्ह येतात, पैसे येत नाहीत. त्यात रक्कम नसते, तारीख नसते, पैसे आले नाहीत तर काय थांबेल ते नसतं. ट्रॉयच्या मतदारासमोर हे तिन्ही होतं. ‘अभ्यासिका रात्री दहापर्यंत चालू ठेवायला विजेचं बिल आणि राखणदाराचा पगार मिळून महिन्याला एवढा खर्च येतो. मार्चपर्यंतची रक्कम कमी पडते आहे. जमली नाही तर १ एप्रिलपासून अभ्यासिका सातला बंद होईल.’ एवढं खरं वाक्य लिहायला धैर्य लागतं, कारण कार्यकारिणीला आपला जमाखर्च उघडा करावा लागतो. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे पालक ते वाक्य पुढे पाठवतात, कारण सातनंतर आपल्या मुलीने कुठे बसायचं हा प्रश्न त्यांच्या घरातला आहे. आणि तीच नोटीस छापून वाचनालयाच्या दारावर, बसस्टँडवर, किराणा दुकानात लावायला हवी. दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड गटातल्या क्यूआर कोडपेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

हे आवाहन कोणी करायचं, तेही ट्रॉयकडून घेता येईल. वाचनालयाने माहिती द्यावी, आग्रह माजी वाचकांनी करावा. जी मुलगी याच अभ्यासिकेत बसून तलाठी किंवा फौजदार झाली, तिने स्वतःच्या खात्यावरून मोबाइलवर एक मिनिटाचं बोलणं टाकलं तर ते कार्यकारिणीच्या दहा पत्रकांना भारी पडेल. ओसीएलसीचा अभ्यास हेच सांगतो: आयुष्य बदललं हे दाखवा. आणि ग्रंथपालाला समोर आणा. आपल्याकडे सत्काराच्या फोटोत अध्यक्ष असतात, शाल घातलेले पाहुणे असतात, आणि वीस वर्षं पुस्तकं देणारी बाई कडेला अर्धी कापली गेलेली असते.

पैशाची वाट मात्र मोहिमेआधीच मोकळी करून ठेवावी लागते. देणगीदार पहिल्यांदा विचारतो ते आयकर सवलतीसाठीची ८०-जीची पावती मिळेल का. त्यासाठी संस्थेची आयकर खात्याकडची नोंदणी चालू हवी, रोखीने २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, आणि नवी कररचना घेतलेल्याला ती मुळीच मिळत नाही, हे आधीच सांगावं. डेट्रॉईटच्या किंवा लंडनच्या मराठी माणसाकडून मदत घेताना त्याच्या हातात कोणतं पारपत्र आहे हे विचारावं लागतं. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मग भारतीय मूळ असल्याचं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची म्हणजे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या वाचनालयाला ती घेता येत नाही. नोंदणी असेल तरी असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. त्यामुळे क्यूआर कोड परदेशातल्या गटांत टाकण्याआधी हा खुलासा त्याच संदेशात, दोन ओळींत, लिहून टाकावा. आणि ज्यांना पैसे देता येणार नाहीत अशा परदेशातल्या गावकऱ्यांना दुसरं काम सांगावं. गावातल्या मुलांना आपण काय वाचत वाढलो ते एका पानात लिहून पाठवा, असं सांगितलं तरी पुष्कळ आहे. ती पानं बालविभागाच्या भिंतीवर लागतील, आणि त्यांचे फोटो पुढच्या आवाहनाबरोबर जातील.